तीन घरांची गाडी

आजोबांनी ती गाडी घेतली ती तिचं नाक बघून. नाक म्हणजे बॉनेट. एवढं लांब बॉनेट आमच्या गावात त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं, आणि त्याच्या मागे माणसांना बसायला जागा कशीबशी दोघांची. आजोबा केळीचे बागायतदार. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, हाताने मापं घेतली आणि मनाशी ठरवलं की या पेटीत केळ्यांच्या टोपल्या ऐसपैस मावतील, वर झाकण आहे, म्हणजे उन्हापावसाचीही काळजी नाही. गाडी घरी आली. अख्खं घर अंगणात जमलं. आजोबांनी चामड्याचे पट्टे सोडले, झाकण उचललं आणि बघतात तर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं इंजिन.

गाडीला इंजिन असतं हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. बाजारात मालट्रक येत असत. पण ट्रकचं नाक बसकं, आणि माल केवढा ओढतो! मग दोन माणसांना ओढायला एवढं मोठं इंजिन कोण कशाला लावेल, असा त्यांचा सरळ विचार होता. मला तो विचार अजूनही चुकीचा वाटत नाही. नुसतं सुसाट पळायला गाड्या बनवणारे साहेब शहाणे की केळी पिकवणारा माणूस, हे मी तरी ठरवणार नाही.

गाडी इंग्लंडमध्ये बनलेली, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. मुंबईतल्या कुठल्याशा कंपनीच्या गोऱ्या साहेबाने ती बोटीने मागवली होती आणि रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यांवर तो ती पिटाळायचा म्हणे. देश स्वतंत्र झाला, साहेब मायदेशी निघाला, आणि गाडी एका पारशी डॉक्टरांनी घेतली. डॉक्टरांचा आमच्याकडे समुद्राजवळ बंगला होता. आजोबा तिथे केळी आणि भाजी पोचवायचे. पुढे डॉक्टरांची नजर अधू झाली, तरी ते गाडी चालवायचं सोडेनात. शेवटी त्यांच्या बायकोने आजोबांना बोलावून घेतलं आणि म्हणाली, ही अवदसा घेऊन जा, त्याबदल्यात डॉक्टर असेपर्यंत दर आठवड्याला आमच्या मुंबईच्या घरी केळ्यांचा एक घड पाठवा. आजोबांनी डॉक्टरांकडे एकदा नीट बघून घेतलं आणि लगेच होकार दिला. पण आमच्या केळ्यांचा गुण असा की डॉक्टर त्यानंतर पुष्कळ वर्षं ठणठणीत जगले. आजोबा संध्याकाळच्या प्रार्थनेत न चुकता त्यांचं नाव घ्यायचे. त्यांच्यासाठी काय मागायचे ते मात्र आजीलाही कधी कळलं नाही.

बॉनेटने दगा दिल्यावर आजोबांनी गाडीच्या मागच्या अंगाला सुताराकडून लाकडी फळ्यांचं कॅरियर बसवून घेतलं, आणि साहेबाची ती शर्यतीची गाडी वसई स्टेशनवर केळी आणि विड्याची पानं पोचवू लागली. गावात लग्न असलं की कॅरियर धुऊन काढायचं, गाडीला झेंडूच्या माळा घालायच्या आणि नवरीला तिच्यातून चर्चला न्यायचं. नवरीच्या बापाला बाजूने चालत यावं लागे, कारण जागाच नसायची.

आजोबा गेले तेव्हा तिघा भावांत जमिनीची वाटणी झाली. उरली विहीर आणि उरली गाडी. विहिरीवर रहाट होता आणि रहाटाचे वार लावून दिलेले होते, अमुक वारी या घराच्या बागेला पाणी, तमुक वारी त्या घराच्या. माझे मोठे काका म्हणाले, विहिरीला जमतं ते गाडीला का जमू नये? वारांऐवजी वर्षं लावू. रहाटाला सगळ्यात जवळचं घर मोठ्या काकांचं, मग धाकट्या काकांचं, शेवटचं आमचं. त्याच क्रमाने गाडी फिरायची. मे महिन्यात चर्चचा सण असतो, त्या दिवशी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाली की गाडी एका घरून दुसऱ्या घरी जायची. अट एकच. ती स्वतःच्या इंजिनावर आली पाहिजे. ओढत किंवा ढकलत आणलेली गाडी पुढचं घर घेणार नाही. ज्याने बिघडवली त्याने नीट करावी, दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये. भावांचा एकमेकांवर विश्वास होता, पण अटीसकट.

आपापल्या वर्षात ज्याने त्याने गाडी आपल्या मताने सुधारली. मोठ्या काकांनी घराच्या खिडक्या रंगवून उरलेला हिरवा रंग तिला दिला. धाकट्या काकांनी त्याहून मोठा पराक्रम केला. या गाडीचा पत्रा लाकडी चौकटीवर ठोकलेला असतो. लाकूड खाऱ्या हवेने खराब होईल म्हणून ते पाचूबंदरला गेले, होड्यांना लावतात ते माशाचं तेल घेऊन आले आणि चौकटीला आतून-बाहेरून पाजलं. चौकट आजही टणक आहे. पण त्या वर्षी गावातली मांजरं गाडीच्या मागे मागे फिरायची, आणि त्या वर्षीच्या नवऱ्या चर्चमध्ये शिरल्या की पुढच्या बाकांवरचे लोक एकमेकांकडे बघायचे. त्यातल्या एकीला आता नातवंडं झाली आहेत. ती अजून धाकट्या काकांचं नाव काढून हसते.

माझ्या बाबांनी गाडीला काहीच केलं नाही. ते नुसतं ऐकायचे. इंजिन चालू करून बाजूला स्टुलावर बसायचे आणि डोळे मिटून ऐकायचे, मग उठून कुठेतरी एक पेच पाव फेरा फिरवायचे. मला गाडी त्यांनीच शिकवली. लोक म्हणायचे, शिकवायला मुलगा नाही म्हणून मुलीला शिकवतोय. बाबा म्हणायचे, हिचा हात हलका आहे. दोन्ही खरं असेल. तरी सणाच्या दिवशी गाडी न्यायला स्टिअरिंगवर बाबाच असायचे आणि मी बाजूला मांडीवर केकचा डबा घेऊन. त्यात बाबांनाही कधी काही वावगं वाटलं नाही, आणि मी एरवी कशावरूनही भांडणारी बाई, पण यावरून कधी भांडले नाही.

आम्ही दोघी बहिणी. धाकटी लग्न होऊन नाशिकला गेली. मी लग्न केलं नाही, इथल्याच शाळेत विज्ञान शिकवलं आणि दोन-तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. गेल्या पावसाळ्यानंतर बाबा गेले. गाडीचं ते वर्ष आमच्याच घराचं होतं. प्रेतयात्रेहून परतताना मागे कुणीतरी म्हणालं, "हे घर आता बंद होणार." मी मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर तिथेच तमाशा झाला असता. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी त्या घरात राहत होते, रोज दार उघडत होते, दिवा लावत होते, आणि तरी ते बंद होणार होतं.

नाताळनंतर धाकट्या काकांचा मुलगा आला. धाकटे काका पूर्वीच गेले. त्यांची वाडी बिल्डरला दिल्यावर तो विरारला फ्लॅटमध्ये राहतो. स्वभावाने बरा आहे, पण घाईत असतो.

"ताई, मुंबईचा एक माणूस आहे, व्हिंटेज गाड्या जमवतो. एकदम सीरियस आहे. पूर्ण रिस्टोर करणार, ओरिजिनल कलर, ओरिजिनल सीट, सगळं. आपल्याकडे काय, ती फक्त सडतेय."

"सडत नाहीये."

"लास्ट स्टार्ट कधी केली होतीस?"

बाबा आजारी पडल्यापासून गाडीला कुणी हात लावला नव्हता.

"आणि माझं वर्ष आलं की मी ती ठेवू कुठे, सांग ना. सोसायटीत एकच पार्किंग, तिथे माझी गाडी. वॉचमन साधी ताडपत्री टाकू देत नाही." हे खोटं नव्हतं. मग तो जरा घुटमळला. "आणि तुमच्या घराचं वर्ष पण आता... म्हणजे काका गेल्यावर..." पुढचं त्याला बोलवेना. मीही त्याला मदत केली नाही.

आम्ही मोठ्या काकांकडे गेलो. ते पंच्याऐंशीच्या पुढचे, मुलगा परदेशात, मुली सासरी. गाडीचे कागद त्यांच्या नावावर आहेत, त्यामुळे विकायची की ठेवायची हा शब्द त्यांचाच. ते ओटीवर खुर्चीत बसले होते. चुलतभावाचं सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "सणाला गाडी इंजिनावर माझ्या दारात आली, तर तीन घरं आहेत तशी चालतील. नाही आली, तर बोलव तुझ्या मानसाला."

"पण आणणार कोण?" चुलतभावाने विचारलं.

"ज्यांचं वर्ष आहे ते आनतील."

माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. माझं नाव घेतलं नाही आणि नाकारलंही नाही. घरी येताना मला त्यांचा भयंकर राग आला. हो म्हणायचं तर सरळ हो म्हणा ना!

गाडी चालू होईना. फुलपाड्याहून एक गॅरेजवाला आणला. तो आधी गाडीबरोबर स्वतःचे फोटो काढत बसला आणि मग म्हणाला, "मॅडम, इसका पार्ट नहीं मिलेगा. नया इंजिन डाल दो, मक्खन चलेगी." मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. मग साडीचा पदर खोचला. शाळेत मी वर्षानुवर्षं फळ्यावर इंजिनाची आकृती काढली, बाणांनी भाग दाखवले, पोरांना पाच गुणांसाठी पाठ करायला लावले. प्रत्यक्ष इंजिनात हात घालायची वेळ निवृत्तीनंतर आली. टाकीतलं पेट्रोल काकवीसारखं घट्ट झालं होतं. ते काढलं, टाकी खळखळून धुतली. कार्ब्युरेटर सोडवून स्वयंपाकघरातल्या परातीत मांडला आणि त्याची बारीक भोकं एकेक करून साफ केली. त्या परातीत मग भाकरीचं पीठ मळायची सोय राहिली नाही. चैत्र लागला तरी इंजिनातून नुसता खोकल्यासारखा आवाज येत होता. मी पुढच्या हँडलला लटकून ते फिरवत होते आणि मोठमोठ्याने बाबांना बोल लावत होते, की एवढं ऐकत बसलात, मला दोन गोष्टी सांगून गेला असतात तर काय बिघडलं असतं.

एके दिवशी सकाळी ती चालू झाली. मी घाबरून मागे सरकले. मग स्टूल आणून बाजूला बसले आणि ऐकलं. मला त्यातलं काही कळलं नाही, पण आवाज थांबत नव्हता, आणि मी रडत होते, आणि मला फार आनंद झाला होता.

सणाच्या दिवशी मिस्सा संपल्याबरोबर मी घरी येऊन गाडी काढली. नवी साडी, केकचा डबा बाजूच्या सीटवर. चुलतभाव मोटरसायकलवर मागे होता. त्याच्या हँडलला दोराचं भेंडोळं लटकत होतं, आणि तो ते लपवतही नव्हता. मोठ्या काकांचं घर लांब नाही. पण सणाच्या मिरवणुकीचा नेहमीचा रस्ता पाइपलाइनसाठी खणलेला, म्हणून ती यंदा आमच्या रस्त्याने वळवली होती. चौकातल्या क्रुसापाशी मी पोचले आणि समोरून मिरवणूक आली. पुढे बँड, मग खांद्यावर संताची मूर्ती, मग सगळा गाव. मूर्तीसमोर इंजिन फटफटवत बसणं बरं दिसेना, म्हणून मी ते बंद केलं.

मिरवणूक गेली. गाडी चालू होईना.

मे महिन्याचं ऊन, इंजिन तापलेलं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते लवकर उकळतं. नळीत वाफ भरली की पेट्रोल पुढे सरकत नाही. कारण मला कळत होतं, पण कळून गाडी हलते थोडीच! मिरवणुकीतली माणसं थांबून बघायला लागली. दोन तरुण मागून हात लावायला आले.

"हात लावू नका!" मी एवढ्या जोरात ओरडले की बँडवाल्याने वळून पाहिलं. शाळेतला आवाज अजून गेलेला नाही.

चुलतभाव दोर घेऊन जवळ आला. "ताई, बास झालं. ऊन बघ किती आहे. बांधू?"

"नाही."

"सगळे बघतायत."

"बघू देत. मी कुठे जात नाहीये."

तेव्हा मला बाबांची एक सवय आठवली. उन्हाळ्यात भरलेल्या टोपल्या घेऊन स्टेशनच्या फाटकाशी अडकून पडलं की ते केळीच्या खोडाचं सोपट सोलून पेट्रोलच्या नळीला गुंडाळायचे. खोड पाण्याने भरलेलं असतं आणि आतून गार. मी कुंपणापलीकडच्या वाडीतल्या बाईला हाक मारली. तिने एक शब्द न विचारता कोयत्याने खोड कापलं आणि सोपटं कुंपणावरून माझ्याकडे टाकली. मी नव्या साडीनिशी बॉनेटमध्ये वाकून ती नळीला बांधली, आणि मग आम्ही सगळे थांबलो. उन्हात नुसतं थांबणं सोपं नसतं. कुणीतरी सरबत आणलं. कुणी म्हणालं, जेवणं खोळंबली. चुलतभाव क्रुसाच्या सावलीत बसून राहिला. थोड्या वेळाने उठून आला, त्याने नळीला हात लावून बघितलं आणि म्हणाला, "गार लागतेय. मार आता." मी हँडल फिरवलं. दुसऱ्या झटक्याला ती चालू झाली. चौकात टाळ्या पडल्या. मिरवणूक संपवून परतलेल्या बँडवाल्याने उगाच ट्रम्पेट वाजवला.

मोठ्या काकांच्या दारात पोचलो तेव्हा त्यांच्या घरची जेवणं होऊन भांडी घासायला पडली होती. ते ओटीवर उभे होते.

"उशीर झाला," ते म्हणाले.

"मध्ये बंद पडली होती," चुलतभाव म्हणाला. "पण ओढायला लागली नाही. इंजिनावरच आली. मी होतो ना मागे."

"हं," मोठे काका म्हणाले. त्यांनी चावी घेतली, केकचा डबा घेतला आणि जेवून जा असं सांगून ते आत गेले. एवढंच! जेवताना मी मोठे काका काही म्हणतात का ते बघत होते. चुलतभाव मात्र व्यवस्थित जेवला. निघताना म्हणाला, "त्या माणसाला मी नको कळवतो. पण माझ्या वर्षी गाडी तुझ्याच पडवीत राहील हां." मी म्हटलं, राहू दे. तेव्हा जरा बरं वाटलं. पण मला मोठ्या काकांच्या तोंडून ऐकायचं होतं. आमचं घर धरायचं की नाही, हे त्यांनी सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "बाय, वर्ष माझं आहे, पन चालवनार कोन? ये. पाचूबंदरला जाऊ, मासे घ्यायचेत."

मी गेले. मोठे काका इस्त्रीचा सदरा घालून तयार होते. बाजूच्या सीटवर बसायला त्यांना वेळ लागला, बसल्यावर मात्र ते लहान पोरासारखे इकडेतिकडे बघत होते. किल्ल्याच्या बाजूने आम्ही हळूहळू गेलो. मी ठरवून टाकलं होतं की घराबद्दल आपण होऊन विचारायचं नाही.

बंदरावर होड्या लागल्या होत्या, लिलाव चालू होता. आम्ही उतरायच्या आधीच माणसं गाडीभोवती जमली. एक मासेवाली, काकांच्याच वयाची, टोपली खाली ठेवून हिरव्या पत्र्यावर हात फिरवायला लागली. "लय जुनी गाडी हाय. कोनाची वो, बाबा?"

हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले होते. प्रत्येक लग्नात, प्रत्येक सणाला कुणी ना कुणी विचारायचंच. मोठ्या काकांचं उत्तर ठरलेलं असायचं, आम्हा तिघा भावांची. आताही ते तेच म्हणतील असं वाटून मी पिशवी शोधायला लागले.

काकांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "हिची. या वर्षी मी वापरतोय."

बाई माझ्याकडे बघत राहिली. पांढरे केस, तेलकट नखं, हातात रिकामी पिशवी. "खरंच तुजी?"

मी हो म्हटलं. पण ते माझं मलाच ऐकू गेलं नाही. काका माझ्याकडे बघत थांबले होते. म्हणून मी पुन्हा एकदा, लिलावाच्या गलक्यावरून ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "हो, माझी."